रेडिओ खगोलशास्त्राचं डेटा रिडक्शन सॉफ्टवेअर: तालुक्याच्या कॉलेजात वापरकर्ता-चाचणी कशी घ्यावी?

वर्धाकाठ

यवतमाळ, वाशिम आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या तीन तालुका-कॉलेजांच्या संगणक कक्षांत कासा (रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून चित्र काढणारं सॉफ्टवेअर, ६.६ मालिका) आणि तिच्यावर चालणारी कॅप्चर पाइपलाइन (कासाच्या पायऱ्या आपोआप चालवणारी स्क्रिप्ट) यांची वापरकर्ता-चाचणी घ्यायची आहे. सहभागी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाचे आणि एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. फूरिये रूपांतर शिकलेले, पायथन जेमतेम, लिनक्सचा गंध नाही. डेटा जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संग्रहातला, बँड-४, ५५० ते ७५० मेगाहर्ट्झ.

यंत्रं ८ जीबी रॅमची, विंडोजवाली. इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. वेळ ११ ते ४, कारण त्यानंतर गावाकडची एसटी नाही.

कच्चा आराखडा असा: प्रत्येकाला कच्च्या फाइलपासून चित्रापर्यंत सगळं करायला द्यायचं, चित्र आलं की किती वेळ लागला ते लिहायचं, शेवटी एसयूएसचा (वापरसुलभता मोजणाऱ्या पट्टीचा) दहा विधानांचा फॉर्म भरून घ्यायचा. काय बदलावं ते सांगा. डेटा किती कापावा, यंत्रं कशी तयार करावीत आणि नोंदी कशा ठेवाव्यात, या तीन गोष्टी अडल्या आहेत.

वाय_भुजा

आधी डेटाचं गणित, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं.

जीएमआरटीच्या ३० अँटेना म्हणजे ४३५ बेसलाइन (अँटेनांच्या जोड्या), ऑटो-कोरिलेशन (अँटेनाची स्वतःशीच जोडी) धरून ४६५. २०४८ चॅनेल, दोन ध्रुवीकरणं, प्रत्येक व्हिजिबिलिटी (एका जोडीचं एक मोजमाप) ८ बाइट. म्हणजे एका इंटिग्रेशनला (एकदा नोंद घेण्याच्या अवधीला) साधारण १५ एमबी. इंटिग्रेशन ८ सेकंदांचं धरलं तर तासाला ४५० इंटिग्रेशन, जवळपास ७ जीबी. हा फक्त 'डेटा' स्तंभ. 'करेक्टेड' (दुरुस्त केलेला) आणि 'मॉडेल' (अपेक्षित) स्तंभ तयार झाले की तिप्पट, म्हणजे तासाला २० जीबीच्या वर. ८ जीबीच्या यंत्रावर पाच तासांत हे होत नाही.

कापायचं ते चॅनेलांत. २०० चॅनेलांचा सलग तुकडा घ्या, म्हणजे साधारण २० मेगाहर्ट्झ. चॅनेलांची सरासरी काढून लहान करू नका. अरुंद आरएफआय (बाहेरचा रेडिओ गोंगाट) सरासरीत मिसळला की नंतर फ्लॅग करता (वगळण्याची खूण लावता) येत नाही आणि चाचणीतलं ते कामच निघून जातं. स्कॅन एवढे पुरेत: फ्लक्स कॅलिब्रेटर (ज्याचा फ्लक्स, म्हणजे तेज, माहीत आहे असा स्रोत; ३सी२८६ असेल तर उत्तम) १० मिनिटं, फेज कॅलिब्रेटरचे (फेज सुधारायला वापरायच्या, लक्ष्याजवळच्या स्रोताचे) ५ मिनिटांचे ३ स्कॅन, लक्ष्याचे २० मिनिटांचे ३ स्कॅन. एकूण ८५ मिनिटं, डेटा स्तंभ १ जीबीच्या आत, तिन्ही स्तंभ मिळून ३ जीबीच्या आसपास.

एलटीए (जीएमआरटीच्या कच्च्या) फाइलीपासून सुरुवात करायला लावू नका. लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स हे तिचं रूपांतर करणारे दोन छोटे प्रोग्राम आहेत, त्यांना चालवायची परवानगी द्यावी लागते, पाथ द्यावा लागतो. त्यात तास जातो आणि कासाबद्दल काहीच कळत नाही. ती वेगळी, २० मिनिटांची स्वतंत्र चाचणी ठेवा. मुख्य चाचणीत तयार मेझरमेंट सेट (कासाला लागणारं डेटाचं फोल्डर) हातात द्या.

टर्मिनल_बुवा

यंत्रांचं बघू.

कासा लिनक्स आणि मॅकवर चालते, विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मधून. डब्ल्यूएसएल-२ सध्या मूळ मांडणीत यंत्राच्या निम्मीच रॅम घेतं. ८ जीबीत हाती येणार ४. विंडोजच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलची कॉन्फिग फाइल टाकून ती ६ करा, नाहीतर टीक्लीन (चित्र काढणारी कासाची आज्ञा) स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्कवर) जाईल आणि सहभागी म्हणेल कासा मंद आहे. मेझरमेंट सेट सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएलमधून उघडू नका. तिथून वाचन-लेखन फार हळू होतं. लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवा.

सगळ्यात मोठा खड्डा: कासा ६.६ ला पृथ्वीच्या परिवलनाची, कॅलिब्रेटरांची वगैरे माहिती होम फोल्डरमधल्या 'डॉट-कासा' च्या आतल्या 'डेटा' फोल्डरमध्ये लागते. ते फोल्डर आधीच बनवलेलं नसेल तर कासा सुरू होतानाच कुरकुरते. असेल पण रिकामं असेल तर इंटरनेटवरून भरायला बघते, आणि हॉटस्पॉटवर २० यंत्रांनी एकदम ते सुरू केलं की पहिला तास गेला. एका यंत्रावर शहरात बसून भरून घ्या, ते फोल्डर टार करून (एका फाइलीत बांधून) सगळीकडे टाका आणि कॉन्फिग फाइलमध्ये आपोआप अद्ययावत होण्याचे दोन्ही पर्याय बंद करा.

ने-आण करायची डिस्क फॅट-३२ नको, ४ जीबीवरची फाइल त्यात बसत नाही. एक्सफॅट चालेल, पण मेझरमेंट सेट हे फोल्डर आहे, आत ढिगानं फाइली. टार करूनच न्या आणि लिनक्सच्या डिस्कवर उघडा. थेट पेनड्राइव्हवरून कासा चालवणं विसरा.

पांढरं_सोनं

आराखड्यातलं एक वाक्य खटकलं. 'चित्र आलं की वेळ लिहायचा.' या सॉफ्टवेअरचा त्रास हाच की चित्र येतंच. चुकीचंही येतं, आणि दिसायला झकास येतं.

बँकेच्या अ‍ॅपची चाचणी घेताना पैसे पोचले की काम झालं. इथे काम झालं की नाही हे सहभागीला कळलं का, हे मोजायचं. म्हणून डेटात मुद्दाम दोष पेरावे लागतील. ते कोणते, हे वाय_भुजा सांगतील. मी चाचणी घेण्याबद्दल लिहितो.

एका वेळी एक सहभागी, त्याच्याजवळ दोन माणसं: एक बोलणारा, एक लिहिणारा. वीस जणांना एकदम बसवलं तर तो वर्ग झाला. शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघून काम होतं आणि कुठे अडलं ते दिसत नाही. पाच तासांत एका जोडीकडून दोनच सहभागी होतात. तीन जोड्या असतील तर दिवसाला सहा, आणि एका फेरीला तेवढे भरपूर आहेत. वापरसुलभतेचे अभ्यासक निल्सन आणि लँडॉवर यांच्या १९९३ च्या कामानंतर 'पाच वापरकर्ते पुरे' हे सर्रास सांगितलं जातं. पण ते एकसारख्या वापरकर्त्यांना आणि एकसारख्या कामांना लागू. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. हे दोन गट वेगळे धरा.

सहभागीला मोठ्याने विचार करायला सांगा. पहिली पाच मिनिटं दुसऱ्याच कशावर तरी सराव करून घ्या, उदा. मोबाइलमधलं घड्याळ गजरासाठी लावणे. आपल्याकडची मुलं सरांसमोर गप्प बसतात. आणि 'समजलं का?' असं विचारू नका. 'हो सर' हे एकच उत्तर मिळेल. 'आता काय होईल असं वाटतं?' विचारा, मग कळ दाबायला सांगा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातली तफावत हीच तुमची नोंद.

त्यांच्याच कॉलेजचे सर खोलीत नकोत. गुणांशी याचा संबंध नाही हे सांगून भागत नाही, सर दाराबाहेर पाहिजेत.

मेळघाटी

हाव ना बाप्पा. अन् मदत कराले हात शिवशिवतात त्याचं काय? पोरगं अडलं की आपण बोट दाखवतोच.

पांढरं_सोनं

@मेळघाटी, त्यासाठी नियम ठरवायचा. पाच मिनिटं एकाच जागी अडला तर पहिली मदत: 'लॉग वाचून बघ.' आणखी तीन मिनिटांनी दुसरी: लॉगमधल्या नेमक्या ओळीवर बोट. त्यानंतर तिसरी: उत्तर सांगून पुढे न्यायचं. प्रत्येक कामापुढे ०, १, २, ३ असा मदतीचा आकडा लिहायचा. वेळेपेक्षा हा आकडा कितीतरी जास्त बोलतो.

वेळ तर इथे फसवाच. उन्हाळ्यात ४५ अंशांत कूलर लावलेल्या खोलीत यंत्राचा प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. सकाळच्या आणि दुपारच्या सहभागीच्या टीक्लीनच्या वेळेची तुलना म्हणजे उन्हाची तुलना. शक्यतो जानेवारी-फेब्रुवारी धरा. सोयाबीन निघून गेलेलं असतं, हिवाळी परीक्षा सहसा आटोपलेल्या असतात. यवतमाळ-वाशिम अमरावती विद्यापीठात आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात, तेव्हा दोन्ही वेळापत्रकं बघूनच तारीख ठरवा.

वाय_भुजा

पेरायचे दोष. सोप्यापासून अवघडाकडे, आणि प्रत्येकाजवळ कासा काय बोलते तेही लिहितो, कारण गंमत तिथेच आहे.

पहिला, क्रमांक आणि नाव. जीएमआरटीच्या मधल्या चौकात सी०० ते सी०६ आणि सी०८ ते सी१४ अशा १४ अँटेना आहेत. सी०७ नाहीच. कासा अँटेनांना ० पासून क्रमांक देते, त्यामुळे लिस्टऑब्सच्या (निरीक्षणाची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीत क्रमांक ७ समोर सी०८ येते. पूर्वेला ई०१ नाही, दक्षिणेला एस०५ नाही, म्हणून पुढे फरक वाढतच जातो. कामाच्या कागदावर लिहा: 'सी०८ खराब आहे, फ्लॅग करा.' जो सहभागी फ्लॅगडेटात (फ्लॅग लावणाऱ्या आज्ञेत) नुसता ८ टाकेल त्याची सी०९ उडेल. कासा काहीही म्हणणार नाही, तिच्या दृष्टीने सगळं बरोबर झालं. चांगली अँटेना गेली, खराब राहिली.

दुसरा, वेळ. वेधशाळेत निरीक्षण चालू असताना ठेवलेल्या नोंदी भारतीय वेळेत असतात, लिस्टऑब्स यूटीसी (जागतिक वेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) दाखवते. कागदावर लिहा: '२३:१० ते २३:२५ भारतीय वेळ, डब्ल्यू०२ बंद.' बरोबर उत्तर १७:४० ते १७:५५. कोणी २३:१० तसंच टाकलं तर आपल्या ८५ मिनिटांच्या डेटात ती वेळच नाही, म्हणून निवडीत शून्य ओळी असल्याचा संदेश येतो. ही बोलकी चूक. पण सहभागीला तो संदेश वाचून 'वेळेचं चुकलं' हे कळतं, की 'फाइल रिकामी आहे' असं वाटतं, ते नोंदवा. मध्यरात्र ओलांडणारं निरीक्षण घेतलंत तर तारखेचाही घोळ पाहता येईल: १२ तारखेचे भारतीय पहाटेचे २ म्हणजे यूटीसीत ११ तारखेचे २०:३०.

तिसरा, फेज विस्कटलेली अँटेना. कासाच्या टेबल टूलने सेट लिहिण्यासाठी उघडा, पहिली किंवा दुसरी अँटेना म्हणून तो क्रमांक असलेल्या ओळी निवडा, प्रत्येक ओळीच्या डेटाला यादृच्छिक फेजने गुणा, परत लिहा. अॅम्प्लिट्यूड जशीच्या तशी राहते, त्यामुळे अॅम्प्लिट्यूडच्या आलेखात अँटेना ठणठणीत दिसते. फेजचा आलेख काढला तरच कळतं. गेनकॅल (अँटेनांच्या दुरुस्त्या काढणारी आज्ञा) या अँटेनाची उत्तरं कमी सिग्नल-टू-नॉइजमुळे फेटाळते आणि अप्लायकॅल (त्या दुरुस्त्या डेटाला लावणारी) तो डेटा फ्लॅग करते. म्हणजे सॉफ्टवेअर सहभागीला वाचवतं, पण त्याला पत्ता लागत नाही. लॉगमधली 'इतक्यांपैकी इतकी उत्तरं फ्लॅग' ही ओळ कोणी वाचली का, एवढंच पाहायचं. त्याने नेमकी तीच अँटेना संदर्भ अँटेना (जिच्या तुलनेत बाकीच्यांची फेज मोजतात ती) म्हणून निवडली तर अजून मजा.

चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: सेटजाय (कॅलिब्रेटरचं खरं तेज मॉडेल म्हणून भरणारी आज्ञा) गाळणे. मॉडेल दिलेलं नसेल तर गेनकॅल समजते की मध्यभागी १ जान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक) बिंदू-स्रोत आहे. ३सी२८६ ६५० मेगाहर्ट्झला पर्ली-बटलर २०१७ च्या मापाने साधारण २१ जान्स्की. म्हणजे शेवटच्या चित्रातला प्रत्येक स्रोत २१ पट मंद. नॉइजही २१ पट कमी, म्हणून चित्र हुबेहूब तसंच सुंदर. आकडा वाचल्याशिवाय चूक दिसणं अशक्य आहे. सहभागीला सेटजायची पायरी सांगितलेली पण फील्डचा क्रमांक चुकीचा दिलेला, अशी मांडणी करा.

उपग्रह_गाव

चौथ्याबद्दल शंका. नवख्या मुलाने २१ पट चूक ओळखावी ही अपेक्षा जरा जास्तच. तो सेटजाय पहिल्यांदाच बघतोय. हे सॉफ्टवेअरचं अपयश की शिकवणीचं?

वाय_भुजा

त्याने स्वतःहून ओळखावी असं नाही. पडताळणीचं काम वेगळं द्यायचं: 'फेज कॅलिब्रेटरचं चित्र काढा, मधल्या बिंदूचा फ्लक्स वाचा, कागदावरच्या आकड्याशी जुळवा.' कागदावर त्या कॅलिब्रेटरचा अपेक्षित फ्लक्स लिहिलेला असेल. जुळला नाही की तो मागे कुठल्या पायरीवर जातो? टीक्लीनकडे, फ्लक्सस्केलकडे, की सेटजायकडे? कासाच्या लॉगमध्ये तो माग आहे का, हे सॉफ्टवेअरचं. मुलगा पास-नापास होत नाही.

आणि १ जान्स्कीच्या गृहीतकाला आतली कारणं आहेत. अभियंत्याला ते सोयीचं असतं, बिंदू-स्रोतावरच्या पहिल्या फेज-उत्तरांना आकड्याने फरक पडत नाही. पण एक ठळक इशारा द्यायला काही हरकत नाही. हा मुद्दा अहवालात गेलाच पाहिजे.

टर्मिनल_बुवा

याच जातीच्या अजून दोन चुपचाप चुका, दोन्ही कासाच्या वापरपद्धतीतल्या.

एक: कासाच्या प्रॉम्प्टवर 'इनपुट दाखव, बदल, चालव' अशा पद्धतीने काम केलं तर आधीच्या वेळी दिलेल्या किमती तशाच चिकटून राहतात. फ्लॅगडेटाला अँटेना दिली, पुढच्या वेळी फक्त वेळ दिली, तर जुनी अँटेना अजून आत आहे. प्रत्येक वेळी आधी डिफॉल्ट करावं लागतं. फंक्शनसारखं कंसात लिहून चालवलं तर न दिलेल्या किमती मूळ मूल्यावर जातात. सहभागींचे दोन भाग करा, अर्ध्यांना एक पद्धत, अर्ध्यांना दुसरी. हाच तुलनेचा स्वच्छ प्रयोग आहे.

दोन: टीक्लीनला तेच चित्राचं नाव परत दिलं तर ती नव्याने सुरू करत नाही, आधीच्या मॉडेलपासून पुढे चालते. वीज गेल्यावर हे वरदान, पण वेटिंग (मोजमापांना दिलेलं वजन) बदलून परत चालवणाऱ्याला सापळा. प्रत्येक प्रयत्नाला नवं नाव, हे कागदावर सांगायचं की नाही ते आधी ठरवा. सांगितलं तर सापळा कळणार नाही. माझं मत, पहिल्या फेरीत सांगू नका.

वर्धाकाठ

टीक्लीनला काय किमती द्यायच्या? सगळ्यांना सारख्या देणार आहे.

वाय_भुजा

बँड-४ चं रिझोल्यूशन साधारण ४.३ आर्कसेकंद. बीमवर (चित्रात वेगळा दिसणाऱ्या सर्वांत लहान ठिपक्यावर) तीन ते पाच पिक्सेल हवेत, म्हणून सेल (पिक्सेलचा आकार) १ आर्कसेकंद. प्राथमिक बीम (दुर्बिणीला एकदम दिसणारा आकाशाचा भाग) ३८ आर्कमिनिट. खरं काम करताना बाहेरचे प्रखर स्रोतही आत यावेत म्हणून ५४०० पिक्सेल घेतले असते, चाचणीला २७०० पुरेत, ४५ आर्कमिनिट होतात. दोन्ही आकडे २, ३, ५ यांच्या घातांत सुटतात, फूरिये रूपांतराला तेच पाहिजे. सहभागीने २७११ टाकलं तर कासा लॉगमध्ये सौम्य सल्ला देते, तो कोणी वाचतो का बघा. २० मेगाहर्ट्झच्या तुकड्याला एकच टेलर पद (तेज वारंवारतेनुसार बदलत नाही असं धरणं) चालेल. वेटिंग ब्रिग्ज, रोबस्ट ०. डब्ल्यू-प्रोजेक्शन (रुंद आकाशासाठीची दुरुस्ती) चालू ठेवा, पण इथे यंत्र दमेल. फार वेळ लागत असेल तर पुनरावृत्त्या १००० वर थांबवा, चित्राचा दर्जा आपण मोजत नाही आहोत.

एकाला मुद्दाम ५ आर्कसेकंदांचा सेल द्या. बीमपेक्षा पिक्सेल मोठा. काय दिसतं यावर तो काय बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

मेळघाटी

प्लॉटएमएसचं कोणीच काई बोल्लं नाई. थे उघडलं की मशीनच बसते.

टर्मिनल_बुवा

@मेळघाटी बरोबर. आपल्या कापलेल्या डेटातही ४६५ × २०० × २ × साधारण ६३७ इंटिग्रेशन, म्हणजे ११ कोटी ८० लाखांच्या आसपास बिंदू. सरासरी न घेता प्लॉटएमएसला आलेख मागितला की ८ जीबीचं यंत्र गप्प होतं आणि सहभागी खिडकी बंद करून परत उघडतो, म्हणजे आणखी वाईट. एकच फील्ड, एकच ध्रुवीकरण, चॅनेलांची सरासरी, अँटेनाप्रमाणे रंग, एवढं आधीच भरलेलं द्या. किंवा खिडकी न उघडता थेट चित्रफाइल काढणारी ओळ द्या. पण थांबा, 'किती बिंदू होतील' याचा अंदाज सॉफ्टवेअर आधी देत नाही हीसुद्धा नोंद आहे. म्हणून पहिल्या सहभागीला मोकळं सोडा, मेळघाटींनी सांगितलेलं घडू द्या, पुढच्यांना भरलेलं द्या.

स्क्रीन रेकॉर्डिंग टीक्लीनच्या वेळी लावू नका, रॅम खातं. टर्मिनलची सगळी लिखापढी 'स्क्रिप्ट' या आज्ञेने वेळेसकट साठवा, काही केबी होतात. कासाची लॉग फाइल तारीख-वेळेच्या नावाने आपोआप बनते, तिला प्रत्येक सहभागीनंतर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. लिहिणाऱ्याने घड्याळ लॉगशी जुळवून घ्यावं. कासाचा लॉग यूटीसीत वेळ छापतो, आणि मग तुमची नोंद ११:२०, लॉग ०५:५० म्हणतो. सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा.

उपग्रह_गाव

वीज. हे टाळता येणार नाही. छोट्या यूपीएसवर जेमतेम बंद करण्यापुरता वेळ मिळतो. मधेच वीज गेल्यावर कुठल्या पायरीचं काय होतं, हे आधी कोणीतरी लिहून द्या.

टर्मिनल_बुवा

लिहितो.

फ्लॅगडेटा मधेच मेला: काही ओळींवर फ्लॅग लागलेत, काहींवर नाही, आणि बाहेरून ओळखता येत नाही. आधी साठवलेली फ्लॅग-आवृत्ती परत आणा, मग पुन्हा चालवा. फ्लॅगडेटा स्वतःहून आवृत्ती साठवते, तो पर्याय जागा वाचवायला बंद करू नका.

अप्लायकॅल मेलं: परत चालवा. करेक्टेड स्तंभ नव्याने भरतो.

टीक्लीन मेलं: त्याच नावाने परत चालवलं की पुढे जाते. पण सेल्फ-कॅलिब्रेशन (लक्ष्याच्याच चित्रावरून परत दुरुस्ती) करणार असाल तर जपा. मॉडेल स्तंभ शेवटी लिहिला जातो. मधेच मेलं तर तो रिकामा, आणि पुढचं गेनकॅल पुन्हा त्याच १ जान्स्कीच्या बिंदूवर चालतं. एकही लाल ओळ नाही. वीज आणि चुपचाप चूक एकत्र येतात ती जागा हीच.

कासा मेल्यावर टेबल कुलूपबंद असल्याचं म्हणत वाट बघत बसली तर मागे राहिलेली कासाची प्रक्रिया मारा, मग उघडा.

मूळ सेटची कोरी टार फाइल प्रत्येक यंत्रावर ठेवा. नवा सहभागी म्हणजे नवी प्रत. जुन्यावर फ्लॅग राहिले असतात.

पांढरं_सोनं

एक भर: वीज गेली म्हणून ती चाचणी रद्द समजू नका. वीज आल्यावर सहभागी पहिल्यांदा काय करतो, मी कुठे होतो हे सॉफ्टवेअर त्याला सांगतं का, हे मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कधी तपासलंच जाणार नाही.

विहीरवाट

कॅप्चरबद्दल. तिची कॉन्फिग फाइल म्हणजे खरं-खोटंची लांब यादी: एलटीएपासून सुरू करायचं का, खराब अँटेना शोधायच्या का, सुरुवातीचं कॅलिब्रेशन, फ्लॅग, विभागणी, सेल्फ-कॅल. पायऱ्या वेगवेगळ्या वेळी चालवायच्या तर आधीच्या बंद करून पुढच्या चालू कराव्या लागतात. नवखा माणूस सगळ्याच चालू ठेवतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतं. ही एक तपासायची जागा.

दुसरी: कॅलिब्रेटर ती स्रोताच्या नावावरून ओळखते, जवळच्या यादीशी ताडून. नावात फरक असला की कॅलिब्रेटर लक्ष्य ठरू शकतो. लिस्टऑब्स वाचून कोणता कोणता हे सहभागीने आधी कागदावर लिहावं, मग पाइपलाइनने काय ठरवलं ते लॉगमध्ये शोधावं. दोन्ही जुळवून बघण्याचं काम वीस मिनिटांचं, पण फार शिकवतं.

कॅप्चर आणि हाताने कासा, दोन्ही एकाच सहभागीला नको. ज्याने आधी पाइपलाइन चालवली त्याला हाताने करताना पायऱ्यांचा क्रम पाठ झालेला असतो.

वर्धाकाठ

एसयूएस ठेवू की काढू? मराठीत भाषांतर करून द्यायचा विचार होता.

पांढरं_सोनं

ठेवा, पण त्यावर निष्कर्ष उभारू नका. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली ही मापनपट्टी, दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम विधानांतून १ वजा, सम विधानांसाठी ५ मधून गुण वजा, बेरीज गुणिले २.५, म्हणजे ० ते १००. सरासरी सॉफ्टवेअर साधारण ६८ ला धरतात. सहा माणसांच्या सरासरीतला पाच-सात गुणांचा फरक म्हणजे काहीच नाही. शिवाय सम विधानं नकारार्थी असतात. भाषांतरात दुहेरी नकार आला की मुलं उलट खूण करतात. 'मला ही प्रणाली विनाकारण किचकट वाटली' असं सरळ लिहा.

माझ्या अंदाजाने इथे उलटच दिसेल: चुकीचं सुंदर चित्र मिळालेला माणूस जास्त गुण देईल. म्हणून प्रत्येक कामानंतर एकच प्रश्न विचारा: 'हे बरोबर झालं याची तुला किती खात्री, १ ते ५?' शेजारी आपण लिहायचं, खरंच बरोबर होतं का. खात्री ५ आणि उत्तर चूक, अशा जोड्या वेगळ्या काढा. सगळ्या अहवालात मला तेवढंच पान वाचायला आवडेल.

उपग्रह_गाव

+१. आणि कामाचे कागद मराठीत, पण फ्लॅग, गेन, बँडपास, बीम हे शब्द तसेच. गेनला 'लब्धी' लिहून मुलांना अजून घाबरवू नका.

विहीरवाट

अहवाल पाठवताना 'वापरायला अवघड' असं लिहू नका, कोणी बघणार नाही. एका दोषाला एक नोंद: कासाची पूर्ण आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दिलेली नेमकी ओळ, लॉगमधली नेमकी ओळ, सहभागीला काय अपेक्षित होतं, काय झालं, मदतीचा आकडा. त्यासोबत निल्सनच्या पट्टीवर गांभीर्य ० ते ४. बोलक्या चुकीला २ च्या आसपास ठेवा, चुपचाप चुकीला ४. कासाचे दोष तिच्या हेल्पडेस्ककडे, कॅप्चरचे तिच्या गिटहबवर. दोन्हींची सरमिसळ करू नका. कॅप्चर आतून कासाच चालवते, तेव्हा पाइपलाइन कोसळली तर तीच ओळ नुसत्या कासात टाकून बघा, मग ठरवा कोणाकडे पाठवायचं.

सहभागींची नावं कुठेच नकोत, 'स-१, स-२'. लॉगमध्ये होम फोल्डरच्या पाथमधून नाव जातं, म्हणून सगळ्या यंत्रांवर एकाच नावाचं खातं बनवा.

मेळघाटी

चित्र कायमध्ये पाह्यचं? कासाचं जुनं व्ह्यूअर देऊ का कार्टा?

टर्मिनल_बुवा

कार्टा. कासाचं जुनं व्ह्यूअर आता मागे पडलंय. पण कार्टा ब्राउझरमध्ये उघडतं, आणि मुलांना वाटतं इंटरनेट लागतं. नाही लागत, त्याच यंत्रावर चालतं. हॉटस्पॉट बंद करून एकदा उघडून दाखवा. फ्लक्स वाचताना बिंदूवर नुसता कर्सर नेऊ नका, भोवती भाग आखून त्यातला कमाल आणि नॉइजसाठी रिकाम्या जागेतला आरएमएस घ्या. रंगपट्टीचं एकक जान्स्की प्रति बीम आहे हे कोणी वाचतं का, तेही लिहून घ्या.